ज्यांच्यासाठी बैठक मांडली, तेच येत नाहीत

ताई, नमस्कार.

आमच्या वस्तीत एकटे राहणारे बरेच ज्येष्ठ आहेत. मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी आठ महिन्यांपूर्वी ‘एकाकी ज्येष्ठांसाठी स्नेहमेळावा’ सुरू केला. महिन्यातून एकदा, वस्तीच्या सभागृहात. पहिल्या वेळी तीसेक जण आले. आरोग्यावर व्याख्यान झालं, गाणी झाली, सगळे खूश होते. आता सात-आठच येतात, आणि तेही असे की जे एरवीही एकमेकांना रोज भेटतात. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, ते जवळजवळ कुणीच नाहीत. माझ्या शेजारचे काका पत्नी गेल्यापासून दारसुद्धा पूर्ण उघडत नाहीत. किती वेळा बोलावलं, ‘बघू’ म्हणतात. एक आजी एकदाच आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या, मध्येच उठून गेल्या, पुन्हा फिरकल्या नाहीत. मैत्रिणी म्हणतात, ज्यांना यायचंच नाही त्यांच्या मागे कशाला लागायचं? मलाही कधी कधी वाटतं, आपण लोकांच्या खासगी आयुष्यात नाक खुपसतोय की काय. हे सगळं बंद करावं का?
– एक वाचक

नमस्कार.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. बंद करू नका. पण आहे तसंही चालू ठेवू नका. तुमची तळमळ पत्राच्या ओळीओळीतून कळते, आणि आठ महिने एखादी गोष्ट नेटाने चालवणं सोपं नसतं. अडचण एवढीच आहे की तुम्ही कार्यक्रम उभा केलात आणि माणसांनी तिथवर चालत यावं, अशी अपेक्षा ठेवलीत. ज्यांची लोकांत जायची सवय टिकून आहे ते चालत आले. ज्यांची सवय मोडली आहे ते घरीच राहिले. असे उपक्रम जिथे जिथे होतात, तिथे पहिल्या काही महिन्यांत हेच घडतं. त्यामुळे तुमचे ते सात-आठ जण म्हणजे अपयशाची खूण नाही. त्यांच्याबद्दल पुढे बोलू, कारण तुमचं खरं भांडवल तेच आहेत.

हा प्रश्न तुमच्या वस्तीपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये माणसांच्या परस्परसंबंधांवर एक अहवाल दिला. जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा ग्रासतो, असं त्यात म्हटलं आहे. ज्येष्ठांमध्ये तर तिघांपैकी एक जण लोकांपासून तुटलेला असू शकतो. एकटेपणाशी जोडता येतील असे मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून जास्त असल्याचा अंदाजही त्या अहवालात आहे. तेव्हा तुम्ही करताय ते फावल्या वेळचं समाजकार्य आहे, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. हे माणसाच्या प्रकृतीशी थेट जोडलेलं काम आहे.

आता काका ‘बघू’ का म्हणतात ते समजून घेऊ. आपल्याला वाटतं, माणूस एकटा आहे म्हणजे त्याला सोबतीची भूक असेल, आणि बोलावलं की तो धावत येईल. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट होतं. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाचा अनेक वर्षं अभ्यास केला. एकटेपणा लांबला की माणसाचं मन सावध होतं, असं त्यांनी दाखवलं. समोरच्याच्या चेहऱ्यावर, बोलण्यात त्याला नापसंती आधी दिसते. कुणी हसलं तर आपल्याला हसलं असं वाटतं. कुणी बोलावलं तर ‘कीव करून बोलावतायत’ असं वाटतं. मग तो मागे सरतो. तो मागे सरला की लोक बोलावणं सोडतात, आणि लोकांनी सोडलं की त्याला वाटतं, बघा, आपलंच खरं होतं.

२०११ मध्ये कॅसिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकटेपणा कमी करण्याच्या वेगवेगळ्या उपायांचे अभ्यास एकत्र करून तपासले. नुसत्या भेटीगाठींच्या संधी वाढवणं हा त्यातला सर्वांत परिणामकारक उपाय ठरला नाही. ‘मी कुणाला नकोय’ ही मनातली समजूत बदलण्यावर काम करणारे उपाय जास्त उपयोगी पडले. ते मानसोपचाराच्या पद्धतीचे होते आणि तुम्ही काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण त्यातून एक गोष्ट आपल्याला नक्की घेता येते. सभागृह उघडून खुर्च्या मांडल्या म्हणजे काम झालं, असं होत नाही. आपण आलो तर कुणाला तरी बरं वाटतं, आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं, हा अनुभव त्या माणसाला पुन्हा पुन्हा मिळायला हवा. तुमच्या बैठकीची घडी त्या हिशेबाने बसवा. व्याख्यान ऐकून हा अनुभव येत नाही. व्याख्यानाला पन्नास लोक आले काय नि एकावन्न आले काय, वक्त्याला फरक पडत नसतो.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे नाव बदला. ‘एकाकी ज्येष्ठांसाठी’ असं लिहिलेल्या दारातून आत जायचं म्हणजे सगळ्या वस्तीसमोर कबूल करायचं की मी एकाकी आहे आणि मी म्हातारा आहे. यातलं एकही कबूल करायला कुणी राजी नसतं. ऐंशी वर्षांचा माणूससुद्धा ‘ते म्हाताऱ्यांचं काहीतरी चाललंय’ असंच म्हणतो. झिम्बाब्वेमधले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांना हेच शिकावं लागलं. २००६ मध्ये त्यांनी हरारेत १४ आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारात बाकांवर बसवलं. मन जड झालेल्या माणसाने यावं, आजीशेजारी बसावं, बोलावं. त्या बाकाच्या नावात सुरुवातीला मानसिक आरोग्य होतं. आज्यांनीच त्यांना सांगितलं, की असं नाव ठेवलंत तर इथे कुणी बसणार नाही. मग त्याचा ‘मैत्रीचा बाक’ झाला. पुढे त्या उपक्रमाची रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले, आणि आज्यांच्या बाकावर बसलेल्यांची उदासी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाल्याचं दिसलं.

या उदाहरणात मला नावापेक्षाही दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे आज्या मदत घेणाऱ्या नव्हत्या, देणाऱ्या होत्या. तुमच्या मेळाव्यात ज्येष्ठांनी काय करायचं असतं? यायचं, बसायचं, ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या. खुर्च्या तुम्ही लावता, पाणी तुम्ही देता, कार्यक्रम तुम्ही ठरवता, आवरतासुद्धा तुम्हीच. आयुष्यभर घर चालवलेल्या, माणसं सांभाळलेल्या लोकांना तुम्ही दोन तास पाहुणे करून टाकता. पाहुणा म्हणून माणूस एकदा येतो, दोनदा येतो. ज्याच्याकडे किल्ली असते तो मात्र दर वेळी येतो, कारण तो आला नाही तर दार उघडत नाही. तेव्हा सभागृहाची किल्ली पुढच्या वेळेपासून तुमच्या पर्समध्ये नको, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी खिशात हवी. २००५ मध्ये मिमा कॅटन या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्येष्ठांसाठीच्या अशा उपक्रमांचे ३० अभ्यास तपासले. जे उपक्रम गटात होतात, ज्यांत काही शिकायला किंवा करायला असतं, आणि ज्यांच्या आखणीत ज्येष्ठांचा स्वतःचा हात असतो, ते जास्त उपयोगी पडतात, असाच त्यांचा कल होता.

काकांकडे येऊ. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलते. तुमची बैठक त्यांच्या पत्नीची जागा भरून काढणार नाही. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक, माणसांचा गोतावळा नसल्याचा. दुसरा, अगदी जवळचं एक माणूस नसल्याचा. पहिला गोतावळ्याने कमी होतो. दुसरा दहा माणसांत बसूनही कमी होत नाही, उलट जोडीने आलेली माणसं पाहून तो अधिकच टोचतो. म्हणून ‘या हो, मन रमेल’ असं काकांना म्हणू नका. त्यांना मन रमवायचं नाहीये. पत्नीच्या आठवणीवर आपण असं पांघरूण घालावं, ही कल्पनाच त्यांना नको असेल, आणि ते योग्यच आहे.

त्यांना काम सांगा. खरं काम, त्यांच्या हातचं. त्यांना काय येतं हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल फक्त पत्नी गेल्याचं लिहिलंत. ते पूर्वी काय करत होते? यंत्र दुरुस्त करत, हिशेब लिहीत, शिकवत, गाडी चालवत? ते शोधा आणि मग दारात जाऊन असं काहीसं बोला: “काका, सभागृहातल्या चार खुर्च्या डुगडुगतायत. कुणी बसताना पडेल अशी भीती वाटते. बुधवारी पाच वाजता दहा मिनिटं येऊन नुसतं बघाल का, दुरुस्त होतील की टाकून द्यायच्या?” यात मेळावा नाही, गप्पा नाहीत, एकटेपणा तर नाहीच. वेळ ठरलेली आहे, काम संपलं की निघता येईल ही सोय आहे, आणि त्यांच्या मताला किंमत आहे. खुर्च्या खरोखर डुगडुगत असायला हव्यात, हे मात्र पाळा. बनावट काम माणसाला लगेच कळतं आणि मग तो कायमचा दुरावतो.

ते आले तर लगेच त्यांच्याभोवती गराडा घालू नका. कुणातरी एकाला खुर्ची धरायला त्यांच्या शेजारी बसवा. पुरुषांना समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटलं की त्यांची जीभ जड होते. हातात काही असलं, नजर त्या वस्तूवर असली, की तेच पुरुष बाजूला बसलेल्याशी आपसूक बोलतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ याच समजुतीवर उभी राहिली. एक शेड, त्यात सुतारकामाची-दुरुस्तीची हत्यारं, आणि निवृत्त पुरुष. समोरासमोर नाही, खांद्याला खांदा लावून बोलायचं, हे त्या चळवळीचं ब्रीद आहे. नंतर ती इतर अनेक देशांत पसरली. तुम्हाला शेड बांधायची गरज नाही. एक टेबल, थोडी हत्यारं आणि वस्तीतल्या बिघडलेल्या वस्तू पुरतात.

आणि काका पुन्हा ‘बघू’ म्हणाले तर? तर ‘बरं’ म्हणा, आणि पुढच्या आठवड्यात काहीही न मागता दोन मिनिटं बोलून या. नकारानंतरही माणूस तसाच हसतमुखाने परत आला, हा त्यांच्यासाठी मोठा पुरावा असतो. आपल्याकडे काहीतरी मागायलाच येतात असं नाही, हे त्यांना कळू द्या. यात महिने जातील. जाऊ द्या.

आजींबद्दल माझा अंदाज वेगळा आहे. त्या शेवटच्या रांगेत बसल्या आणि मध्येच उठल्या, हे वाचल्यावर मला आधी त्यांच्या कानांची शंका आली. साठीपुढच्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना रोजच्या व्यवहारात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. म्हणजे आवाज येतो, पण ‘स’, ‘त’, ‘फ’ अशी व्यंजनं निसटतात आणि शब्द अर्धवट पोचतात. शांत खोलीत एकाशी बोलताना हे जाणवतही नाही. उंच छताच्या, घुमणाऱ्या सभागृहात पंखे चालू असताना पंचवीस लोक एकदम बोलू लागले, की त्या माणसाला नुसता कल्लोळ ऐकू येतो.

अशी माणसं मी अनेक बैठकांमध्ये पाहिली आहेत. सगळे हसले की क्षणभर उशिराने ती हसतात. त्यांचे डोळे बोलणाऱ्याच्या ओठांवर खिळलेले असतात. दुसरंच कुणी बोलायला लागलं की तो कोण हे शोधण्यात त्यांचं अर्धं वाक्य जातं. कुणी थेट प्रश्न विचारला तर मान डोलावतात, आणि प्रश्न ‘तुम्ही कुठे राहता’ असा असला की सगळे गोंधळून बघतात. त्यानंतरची दहा मिनिटं ती व्यक्ती हातातल्या रुमालाची घडी घालत राहते. मग उठते. घरी विचारलं तर ‘मला नाही आवडत तसलं’ असं सांगते. ऐकू येत नाही असं सांगणारी फार थोडी.

तेव्हा सभागृह सोडा, निदान त्याचा एक कोपरा पकडा. लहान खोली मिळाली तर उत्तम. पडदे, सतरंजी, कापड असेल तर आवाज घुमत नाही. एका टेबलाशी चार ते सहा जण, त्याहून जास्त नकोत. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. ध्वनिक्षेपक वाजवून हा प्रश्न सुटत नाही, अस्पष्ट आवाज मोठा होतो एवढंच. आणि आजींना परत बोलावताना ‘तुम्हाला ऐकू येत नाही का’ असं विचारू नका. “त्या दिवशी फार गोंगाट झाला, माझंच डोकं उठलं. आता आम्ही चौघीच बसतो, छोट्या खोलीत” एवढं पुरे. त्या रुळल्या की कान तपासण्याचा विषय काढता येईल, आणि काढायलाच हवा. ऐकू न येणं आणि लोकांपासून तुटणं या दोन्ही गोष्टींचा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढण्याशी संबंध आहे, हे आता डॉक्टर स्पष्ट सांगतात.

जागेबद्दल आणखी थोडं, भरभर. स्वच्छतागृह जवळ आणि बिनापायऱ्यांचं हवं. कित्येक ज्येष्ठ केवळ त्याच भीतीने बाहेर पडत नाहीत आणि ते कुणाला सांगत नाहीत. हात टेकून उठता येईल अशा खुर्च्या हव्यात. अंधार पडायच्या आत घरी पोचता यायला हवं. दीड तास पुरे. परतताना एकाच दिशेला जाणाऱ्यांनी एकत्र निघायची पद्धत पाडा. माझा अनुभव असा, की त्या परतीच्या वाटेवर जेवढं बोलणं होतं तेवढं बैठकीतही होत नाही.

महिन्यातून एकदा हे फार विरळ झालं. एकदा चुकलं की दोन महिने गेले. आठवड्यातून एकदा करा, छोटं करा, कार्यक्रमाशिवाय करा. वार आणि वेळ मात्र दगडावरच्या रेघेसारखी ठेवा. यामागेही एक अभ्यास आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा असं मला वाटतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका ज्येष्ठ निवासात विद्यार्थ्यांना रहिवाशांच्या भेटीला पाठवलं. काही रहिवाशांना भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येत होतं. काहींना ठरवता येत नव्हतं, पण आधी कळवलं जात होतं. काहींकडे विद्यार्थी अचानक जात. काहींकडे कुणीच गेलं नाही. ज्यांना ठरवता आलं ते सुधारले, आणि ज्यांना नुसतं आधी माहीत होतं तेही जवळपास तितकेच सुधारले. अमुक वेळी माणूस येणार आहे, या खात्रीतच निम्मा गुण आहे. पण पुढे प्रयोग संपला, भेटी थांबल्या. नंतर पाहणी केली तेव्हा सर्वांत जास्त खालावले होते ते हेच दोन गट, ज्यांना आधी सर्वाधिक फायदा झाला होता.

म्हणून तुमच्या ‘बंद करावं का’ या प्रश्नाने मी थोडी अस्वस्थ झाले. एकदा आठवड्याची सवय लावलीत आणि मग तुमची बदली झाली, घरात आजारपण आलं, मैत्रिणी कंटाळल्या, तर नुकसान होईल ते नेमकं ज्यांनी विश्वास टाकला त्यांचं. यावर उपाय सुरुवातीपासूनच करायचा असतो. बैठक तुमच्यावाचून चालेल अशी रचना आजपासूनच करा. महिन्यातून एका आठवड्याला तुम्ही मुद्दाम जाऊ नका. किल्ली, फोन नंबरांची वही, खुर्च्यांची मांडामांड, सगळं त्यांच्यात वाटून द्या. थोडा गोंधळ होईल, कुणी रुसेल. तो गोंधळही त्यांचा असू द्या.

अंतराचाही विचार करा. जपानमधल्या ताकेतोयो या छोट्या शहरात २००७ पासून वस्त्यावस्त्यांत अशा अनौपचारिक बैठकीच्या जागा सुरू झाल्या, स्थानिक स्वयंसेवकांनी चालवलेल्या. तिथे ये-जा करणाऱ्या ज्येष्ठांवर इतरांच्या मदतीवर अवलंबून राहण्याची वेळ येण्याचं प्रमाण पाच वर्षांच्या काळात, तिथे न जाणाऱ्यांच्या तुलनेत, जवळपास निम्मं दिसलं. मुळात धडधाकट असलेलेच तिथे जात असतील, ही शंका संशोधकांनाही होती. म्हणून त्यांनी घरापासून त्या जागेचं अंतर हिशेबात घेऊन पुन्हा तपासलं, तरी फायदा दिसलाच. आणि जागा जितकी जवळ तितके लोक जास्त, हेही कळलं. तेव्हा एकच मोठा मेळावा भरवण्यापेक्षा वस्तीत तीन ठिकाणी तीन छोट्या बैठका होत असतील तर माझी पसंती त्यालाच. कुणाच्या ओसरीवर, कुठे जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, कुठे वाचनालयाच्या कोपऱ्यात.

आता तुमचे ते सात-आठ जण. त्यांचा गट घट्ट झालाय, त्यांच्या जागा ठरल्यात, त्यांचे विनोद फक्त त्यांनाच कळतात. नवा माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याला सहा पाठी दिसतात. त्यांचा यात दोष नाही. त्यांना एकत्र बसवून मोकळेपणाने सांगा आणि प्रत्येकाकडे एकच माणूस सोपवा. फक्त एक, आणि शक्यतो ज्याची पूर्वीची काही ओळख आहे असा. बैठकीच्या दिवशी त्याच्या दारावरून येताना हाक मारायची, एवढंच काम. येणार नसेल तर वाद नाही. दर बैठकीत एक खुर्ची दाराकडे मोकळी ठेवायची आणि नवा आला तर तिच्या शेजारी बसणाऱ्याने त्याच्याशी बोलायचं. गटात एखादा सतत बोलणाराही असतोच. त्याला गप्प करू नका, त्याच्याकडे वेळ पाळण्याची किंवा आलेल्यांची नावं लिहून घेण्याची जबाबदारी द्या. दुसऱ्यांना बोलतं करण्यात असे लोक पुष्कळदा पटाईत निघतात.

हाक मारणारा माणूस तुमच्या तिघींपैकीच असायला हवा असंही नाही. एकट्या माणसाच्या घरी कुणी ना कुणी जातच असतं. औषधं पोचवणारा, पोस्टमन, घरकामाला येणारी बाई, शेजारचं शाळकरी पोर. त्यांच्यावर विश्वास आधीच बसलेला असतो. त्यांच्याकडून आलेला निरोप तुमच्या छापील पत्रकापेक्षा शंभरपट कामाचा. आणि जे येऊच शकत नाहीत, कारण घरात अंथरुणाला खिळलेला जोडीदार आहे, त्यांच्यासाठी गटातलं कुणी तासभर घरी बसू शकेल का, हेही विचारून पाहा. अशा माणसांना आपण ‘येत नाहीत’ म्हणून सोडून देतो. खरं तर त्यांच्याइतकं अडकलेलं कुणी नसतं.

नाक खुपसण्याबद्दल. तुमची ही शंका मला मोलाची वाटते, ती कायम जागी ठेवा. सगळे एकटे राहणारे एकाकी नसतात. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलंय, की उतारवयात माणसं आपणहून ओळखी कमी करतात आणि मोजक्या, जिव्हाळ्याच्या माणसांपुरती राहतात, आणि त्यात समाधानीही असतात. कुणी मजेत वाचत बसलं असेल, रोपांत रमलं असेल, रोज बहिणीशी फोनवर बोलत असेल, तर त्याला ओढून आणायचं कारण नाही. फरक ओळखायचा तर ‘तुम्हाला एकटं वाटतं का’ असं विचारून उपयोग नाही, उत्तर ‘छे’ असंच येतं. शेवटचं मनसोक्त कुणाशी बोलणं झालं ते बोलण्याच्या ओघात कळतं का बघा. रात्री काही दुखलं-खुपलं तर कुणाला फोन कराल, हे सहज विचारा. या प्रश्नावर जो बराच वेळ गप्प होतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं. आणि एकाकी माणसांची यादी करून ती फोनवरच्या गटांत फिरवू नका. कुणाच्या घरी कोण एकटं असतं ही माहिती चुकीच्या माणसाच्या हाती पडायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बैठकीच्या आवाक्याबाहेरची आहे. काकांचं खाणं सुटलेलं दिसलं, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष झालेलं दिसलं, झोप उडाली असेल, ‘आता जगून काय करायचं’ असं काही बोलले, किंवा एखादी आजी नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, तर बैठकीची वाट बघू नका. डॉक्टरकडे न्या, घरच्यांना कळवा. घरच्यांकडूनच त्रास होतोय असं वाटलं तर घरच्यांना न सांगता ज्येष्ठांसाठीच्या मदतयंत्रणेशी बोला. दुःख आणि आजार यांत फरक करणं तुमचं काम नाही, पण संशय आल्यावर गप्प न बसणं हे नक्की तुमचं काम आहे.

मैत्रिणींना सांगा, मागे लागायचं नाहीच आहे. ठरलेल्या वारी दारावर टकटक करायची, उत्तर काहीही आलं तरी तोंड वाकडं करायचं नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं. पटावरची संख्या मोजणं थांबवा. कोण आलं नाही हे कुणाच्या आधी लक्षात आलं, आणि त्याने संध्याकाळी चौकशीचा फोन केला का, तेवढं वहीत लिहा. असे फोन तुमच्या सांगण्याशिवाय व्हायला लागले की तुम्ही तिघी निर्धास्तपणे मागच्या खुर्चीवर जाऊन बसू शकता.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा. फलकावरचं ते नाव पुसा, आणि काका पूर्वी काय काम करायचे याची चौकशी करा. तीन-चार महिन्यांनी मला परत लिहा. आजींना छोटी खोली मानवली का, हे कळवायला विसरू नका.